चार बोटं आखूड

दाजी हे काही त्याचं नाव नव्हे. तो खरा दाजी एकाचाच. पण त्या एकाने मैदानावर 'दाजी, दाजी' असा इतका गलका केला, की सकाळी पळायला येणारी शंभरेक माणसं त्याला दाजीच म्हणू लागली. त्यातली निम्मी त्याच्याहून वयाने मोठी! एक निवृत्त जज्जसाहेबसुद्धा "काय दाजी, पाय काय म्हणतोय?" असं विचारायचे, आणि बिचाऱ्याला संकोचाने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ज्याचा तो दाजी, तो त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. घरात त्याला बारक्या म्हणतात. उंची सहा फूट एक इंच, वय चौतीस आणि नाव बारक्या. आता काय बोलायचं! अकराव्या वर्षी तापात त्याचे डोळे गेले. आता तो एका हॉस्पिटलात चौकशीच्या फोनवर बसतो. फोनवरचा माणूस घाबरलाय की थापा मारतोय, हे त्याला पहिल्या वाक्यात कळतं अशी त्याची ख्याती आहे. डॉक्टरलोकसुद्धा त्याला टरकून असतात.

नऊ वर्षांपूर्वी जेवताना हा म्हणाला, "दाजी, मला एकदा असं पळायचंय, की पुढे भिंत असेल ही भीतीच नाही." दाजी म्हणजे पुस्तकं बांधणारा बाइंडर. तोवरच्या सदतीस वर्षांत तो पळाला असेल तर फक्त सुटलेल्या बसमागे. पण हा बाबा हातातला घास ठेवून म्हणाला, "चल." असा माणूस. विचार नंतर करतो, आणि मग करतच बसतो.

बाइंडिंगची जाड फीत त्याने वीतभर कापली, दोन्ही टोकांना बोटं जातील एवढे वळसे केले आणि मेण लावलेल्या दोऱ्याने ते असे शिवले की बैलाने ओढले तरी सुटू नयेत. एक वळसा दाजीच्या उजव्या हातात, दुसरा बारक्याच्या डाव्या. दोन माणसं अशी बांधून पळायची तर पाय जुळवावे लागतात. दाजीचा उजवा आणि बारक्याचा डावा, म्हणजे दोघांच्या मधले पाय, एकदम पडले पाहिजेत, नाहीतर हाताला हिसका बसतो. पहिले दोन महिने दोघे नुसतं "मधला, मधला, मधला" असं पुटपुटत पळायचे. लोक हसायचे. पुढे पुटपुटणं थांबलं, हसणंही थांबलं. डोळे मिटून ऐकलं तर एकच माणूस पळतोय असं वाटावं, इतके ते पाय जुळले.

नियम एकच होता, आणि तो बारक्याने घातला होता. दिसेल तेच सांगायचं. गोड करून नाही, घाबरवून नाही. खड्डा तर खड्डा, पायरी तर पायरी. नऊ वर्षांत दाजीने "पायरी" म्हटलं आणि पायरी नव्हती, असं एकदाही झालं नाही. त्या जिवावर बारक्या बेचाळीस किलोमीटरची शर्यत तीनदा पळाला होता. तिसऱ्या वेळी चार तास तीन मिनिटं लागली. वरची तीन मिनिटं त्याच्या डोक्यात घर करून बसली. चार तासांच्या आत, एकदाच, मग मी गप्प बसतो, असं तो म्हणायचा. तो कशाला गप्प बसतोय! पण म्हणायचा खरं.

आणि तिथेच माशी शिंकली. सरावाला एका सकाळी वळणावर उलट्या बाजूने सायकलवाला आला. दाजीने बारक्याला खांद्याने बाजूला ढकललं आणि स्वतः पाय लांब फाकवून कसाबसा सावरला. उजव्या मांडीच्या मागे तट्‌ करून काहीतरी झालं, शिवण घट्ट ओढताना दोरा तुटतो तसं. बारक्याला खरचटलंसुद्धा नाही. सायकलवाला शिव्या देऊन निघून गेला, हे वर.

फिजिओबाई हॉस्पिटलातल्याच, बारक्याच्या ओळखीच्या. हाडं मोजत बोलावं तसं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "स्नायू फाटलाय. सहा आठवडे पळणं बंद. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं, असं समजू नका." दाजीने मान डोलावली आणि चौथ्या आठवड्यात, कुणी बघत नाही असं बघून, मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत परत तट्‌. बायकोने औषधाचा फवारा मारता मारता तोंडाचाही पट्टा सोडला. "उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! बाई सहा म्हणाल्या होत्या ना? तुम्हाला सहापर्यंत मोजता येत नाही?"

दुखणं येतं हत्तीच्या पायाने आणि जातं मुंगीच्या पायाने, म्हणतात ते काही उगाच नाही. सहा आठवड्यांचे सहा महिने झाले. हे मेलं असलं दुखणं की दाखवायला काही नाही. प्लास्टर नाही, टाके नाहीत, सूज नाही. चारचौघांत माणूस धडधाकट दिसतो, आणि खुर्चीवर पाच मिनिटं बसला की मांडीखाली कुणीतरी सुतळी पिळत बसतं. कारखान्यात दाजीचं काम कापायच्या मशीनवर. बांधलेल्या पुस्तकांचा गठ्ठा पात्याखाली सरकवायचा, उजव्या पायाने पायटा दाबून पक्का धरायचा, मग कडा कापायच्या. दिवसातून चारशे वेळा पायटा. तो डाव्या पायाने दाबायला लागला, तर कंबर वाकडी व्हायला लागली. मालकाने बसायला स्टूल दिलं, तर बसणंच नको. शेवटी एक पाय लाकडी ठोकळ्यावर टेकवून तो बगळ्यासारखा उभा राहायचा. घरी आला की ओट्याला धरून टाचा उचल, खुर्चीला रबराचा पट्टा बांधून पाय ओढ, हे सुरू. बायको म्हणायची, "अहो, खुर्ची माहेरी निघालीये की काय? सारखी ओढताय तिला."

हे सगळं त्याने सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते वेगळंच. मैदानावरच्या मंडळींनी बारक्यासाठी दुसरी सोबत शोधली होती. हॉस्पिटलातली रक्त तपासणारी एक मुलगी, सगळे तिला लॅबवाली म्हणायचे. हरणासारखी पळायची. बारक्या आधी म्हणाला, "छे! ही दिवसभर लोकांना सुया टोचते, हिच्या भरवशावर मी पळू?" पण आठवड्याभराने घरी आला तो हसत. "दाजी, ती 'पायरी' म्हणत नाही, 'स्टेप' म्हणते. आज पडलोच असतो." दाजीही हसला. पुस्तकं बांधणारे छप्पन्न सापडतील, पण बारक्याचे डोळे आपण एकटे, एवढीच एक ऐट या माणसाने आयुष्यात केली होती. तीही हातची जाते की काय, असं त्याला वाटलं. वाटणारच हो. माणूसच आहे.

शर्यतीला दहा आठवडे उरले तेव्हा तो बायकोला काही न सांगता मैदानावर गेला, खिशातून फीत काढली आणि बारक्याच्या हातात दिली.

"पाय?" बारक्याने विचारलं.

"ठणठणीत," दाजी म्हणाला.

"फिजिओबाई काय म्हणाल्या?"

"त्यांचं काय, त्या म्हणतच असतात. मी सांगतोय ना, बरा आहे."

बारक्याने फितीची शिवण चाचपली. मग त्याने वळशात बोटं घातली.

पहिले पाच-सहा किलोमीटर खरोखरच बरे जायचे. आठच्या पुढे मांडी आवळायला लागायची. मग दाजी उजवं पाऊल जरासं जवळ टाकायचा. जरासंच. एवढ्याने काय होतंय! दात आवळून तो बोलत राहायचा, "डावीकडे पाणी, पुढे गतिरोधक, एक कुत्रं आहे पण झोपलंय." बारक्या मजेत. अंतर वाढत गेलं, दहा, चौदा, अठरा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा आणि घरी जाऊन मोरीत गार पाण्याची बादली मांडीवर ओतायची. बायको बाहेरून म्हणायची, "आंघोळ आहे की धबधबा?"

सहाव्या आठवड्यात बारक्या जिना उतरताना कठड्याला धरू लागला. डावा खुबा धरतोय, म्हणाला. दाजी म्हणाला, बूट बदल. बूट बदलले. खुबा धरतच राहिला.

मग एका रविवारी बायको मैदानावर आली. भावाचं पळणं फिजिओबाईंना दाखवू, म्हणून तिने फोनवर दोघांना समोरून येताना टिपलं. तिघे बाकावर बसले आणि फोन दाजीच्या हातात आला.

एक सूत इकडेतिकडे झालेली कड ज्याला लांबून दिसते, त्या माणसाला काय दिसलं असेल? दोन माणसं लंगडत होती. एक उजव्या पायाने, एक डाव्या. आरशात बघावं तसं. दाजीचं मधलं पाऊल जेवढं आखूड, तेवढंच बारक्याचं मधलं पाऊल आखूड. नऊ वर्षं घोटून घोटून जुळवलेले पाय, ते जुळलेच होते. बारक्याच्या धडधाकट पायाने दाजीचं दुखणं जसंच्या तसं उचललं होतं.

"काय दाजी, कसं दिसतंय?" बारक्याने विचारलं. घामाने थबथबलेला, हसरा चेहरा त्याच्याकडे वळवून.

दाजीने फोन बायकोला परत दिला. खरं सांगावं तर शर्यत गेली, फीत गेली, सगळं गेलं.

"झकास," तो म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. ही बाई बोलली नाही म्हणजे काय ते समजा.

घरी आल्यावर तिने पिशवी टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. मला पळण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण माझा भाऊ लंगडतोय एवढं कळतं. तो तुम्हाला विचारत होता हो. मला नाही विचारलं त्याने, तुम्हाला विचारलं."

"सांगतो," दाजी म्हणाला.

"कधी? तो काठी घेऊन चालायला लागल्यावर?"

दुसऱ्या दिवशी मशीनवर त्याच्या हातून जे कधी झालं नव्हतं ते झालं. गठ्ठा तिरका बसला, पाय पायट्यावर होता पण दाब नव्हता, आणि पातं सरळ छापलेल्या अक्षरांतून गेलं. चाळीस पुस्तकांच्या ओळी अर्ध्या. मालकांनी नुसता एक कागद उचलून उजेडात धरला. दाजीने एप्रन काढला, अर्धा दिवस मागितला आणि तडक हॉस्पिटल गाठलं.

चौकशीची खिडकी म्हणजे काचेमागची एक लहानशी खोली, दोन फोन आणि एक खुर्ची. बारक्या जेवणाच्या सुट्टीत एकटाच बसला होता.

"दाजी? या वेळी? ताई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी खोटं बोललो." मग त्याने सगळं सांगितलं. मांडी, आठवा किलोमीटर, गार पाण्याची बादली, फोनमधलं चित्र. "तू लंगडतोयस. माझ्यामुळे. तुझा खुबा माझ्या पायाने घालवला."

बारक्याने ऐकून घेतलं. फोन एकदा वाजला, त्याने तो उचलला नाही.

"तुम्ही लंगडताय हे मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतंय," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात ना, बरा आहे." बारक्याचा आवाज चढला. "अहो, मला पुढे सपाट रस्ता ऐकू येतो, तुम्ही 'खड्डा' म्हणता, मी उडी मारतो! मला खड्डा ऐकू येतो, तुम्ही 'सरळ' म्हणता, मी सरळ जातो! नऊ वर्षं मी माझ्या कानांना सांगत आलोय, तुम्ही गप्प बसा, दाजी बघतायत. आता कान म्हणतात लंगडतोय, आणि दाजी म्हणतात बरा आहे. मी कुणाचं ऐकायचं?"

काचेपलीकडे एक म्हातारे गृहस्थ कधीपासून एक चिठ्ठी हलवत उभे होते. बारक्याने फोन कानाला लावला आणि म्हणाला, "जा आता. मला काम आहे."

तीन आठवडे बारक्या दाजीशी कामापुरतंच बोलला. फिजिओबाईंनी दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर झोपवून पाय उचलायला लावले. दाजीला म्हणाल्या, "तुमचं पळणं या वर्षी विसरा." बारक्याला म्हणाल्या, "तुमचं नुकतंच सुरू झालंय, आटोक्यात आहे. पाऊल सरळ पडत असेल तर शर्यत पळा. पण मध्येच आखूड पडायला लागलं की त्या क्षणी थांबायचं. तसंच रेटलंत तर खुबा जन्माचा गेला."

"मला कसं कळणार आखूड पडतंय ते?" बारक्या म्हणाला. "तिसाव्या किलोमीटरला तर कानसुद्धा दुखतात. आणि लॅबवाली शेजारी असणार, शेजारून दिसत नाही."

मग छताकडे तोंड करून तो म्हणाला, "दाजी अठ्ठाविसाव्याला उभे राहतील. समोरून बघतील. ते म्हणतील ते."

दाजीच्या हातातला रबराचा पट्टा निसटून फट्‌कन भिंतीवर आपटला. फिजिओबाई दचकल्या.

फीत त्याने लॅबवालीला स्वतः दिली. वळसे तिच्या बोटांना सैल होत होते, म्हणून परत मागून घेतली आणि रात्री न सांगता उसवून पुन्हा शिवली, एक सूत आत घेऊन. "पायरीला पायरी म्हण," एवढंच सांगितलं. तिने नम्रपणे "हो दाजी" म्हटलं. चांगली मुलगी होती, राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास झाला.

शर्यतीच्या दिवशी दाजी दोन तास आधीच जाऊन उभा राहिला. अठ्ठाविसाव्या किलोमीटरचा फलक एका बंद दुकानासमोर होता. रस्ता सरळ, दोनशे पावलं लांबचं दिसावं असा. बसवत नव्हतं, म्हणून तो दुकानाच्या शटरला टेकून उभा होता. मांडी कुरकुरत होती. लोक येत होते, जात होते. त्याने हजारेक पावलं तपासून पाहिली असतील, उगाच, डोळे तयार करायला.

दोन तास सदतीस मिनिटांनी ती दोघं दिसली. दोन मिनिटं हाताशी होती! असंच गेलं तर चार तासांच्या आत नक्की. बारक्याची मान ताठ, चेहरा उजळलेला. दाजीच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने ते घाईने पुसलं आणि नजर खाली नेली.

सरळ. सरळ. सरळ. मग एक पाऊल जवळ पडलं.

रस्त्याचा उतार असेल, दाजीने मनाशी म्हटलं. लॅबवालीचा उजवा पाय पाहिला. तो पूर्ण पडत होता. बारक्याचा डावा पुन्हा जवळ पडला. आणि पुन्हा. शंभर पावलांवरून लॅबवालीने काहीतरी सांगितलं असावं, कारण बारक्याचा चेहरा बरोबर शटरच्या दिशेने वळला.

"दाजी!" तो ओरडला. "कसं दिसतंय?"

झकास हा शब्द तोंडात तयार होता. एक शब्द, आणि चौदा किलोमीटर. कदाचित खुबा टिकलाही असता. टिकतात कधीकधी. हा पोरगा चार तासांच्या आत पोचला असता, घरी येऊन त्याने बहिणीला उचलून गरगर फिरवलं असतं, आणि दाजीशी पुन्हा पहिल्यासारखा बोलला असता.

"आखूड पडतोय!" दाजी ओरडला. "थांब!"

बारक्या थांबला. विचारलं नाही, एक पाऊल जास्त टाकलं नाही. लॅबवाली पुढे गेली आणि फितीच्या हिसक्याने मागे खेचली गेली.

"अहो दाजी, आपण दोन मिनिटं पुढे आहोत!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "दाजी, प्लीज!"

बारक्याने वळशातून बोटं काढली, फूटपाथची कड पायाने चाचपली आणि खाली बसून ढसाढसा रडला. येणारे-जाणारे टाळ्या वाजवून म्हणत होते, "उठा, उठा, जमेल!" दाजीला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तो शेजारी बसला, दुखरा पाय समोर लांब करून.

बऱ्याच वेळाने बारक्याने बाहीला नाक पुसलं. "किती?"

"चार बोटं."

"उतारामुळे नाही?"

"मलाही तेच वाटलं होतं. नाही."

"नक्की?"

"नक्की."

बारक्याने मान हलवली. लॅबवालीने फीत दाजीच्या हातात ठेवली. त्याने ती खिशात टाकली. बारक्याने डावा हात पुढे केला, दाजीने तो आपल्या कोपराला लावून घेतला आणि दोघे एकमेकांना धरून उठले, दोघेही कण्हत.

"ताई काय म्हणेल?" बारक्याने विचारलं.

"आधी मला बोलेल. मग तुला."

घर तिथून दोन गल्ल्यांवर. मधला पाय, मधला पाय करत ते निघाले. काही पावलांवर फूटपाथ संपत होता.

"पायरी आहे, खाली," दाजी म्हणाला. बारक्याने न चाचपता पाय टाकला.